बेटावर जायची वर्गणी

४ फेब्रुवारी

बारक्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन केला नाही, कारण आई घरात असताना फोनवर बोलायची सोय नाही. दारावरची बेल तिला ऐकू येत नाही, पण मी पलीकडच्या खोलीत कुजबुजले तरी "कोणाबद्दल चाललंय?" म्हणून विचारते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, ती निवृत्त झाली पण कान अजून ड्यूटीवर आहेत.

तर विषय तू पाठवलेल्या त्या गेमच्या डब्याचा. तू तो पाठवलास तेव्हा मीच म्हणाले होते, बरं झालं, म्हातारीला विरंगुळा. आता मला तो डोळ्यांसमोर नको झालाय. रोज सहा वाजायच्या आत आई केस विंचरते. बारक्या, केस विंचरते! टीव्हीवर तिची एक बुटकी बाहुली दिसणार आणि तुझी एक, त्यासाठी विंचरते. मग तो माईकवाला हेडफोन कानाला लावते, पाठ ताठ करते आणि म्हणते, "हॅलो, बोला." अगदी पूर्वी ड्यूटीवर बोलायची तशी. त्यापुढे तासभर ती तुझ्या बेटावर. मासे पकडते, झाडं लावते, आणि हसते. इतकी हसते की मला कामाच्या खोलीत मशीन बंद करून ऐकावं लागतं.

माझं काम तुला माहीतच आहे, दुसऱ्यांच्या तोंडचे दात करते. आईची कवळीसुद्धा मीच केली. तीनदा घासून, तीनदा बसवून. आणि ती दाखवते कोणाला? तुला. दात माझे आणि हसू तुझं, असा हा न्याय आहे. दिवसभर तिच्या गोळ्या, तिचे गुडघे, तिचं गरम पाणी बघायचं मी, आणि माझ्या वाट्याला शब्द येतात तीन. "झालं", "नको" आणि "राहू दे".

काल कंपनीचा मेल आला, तिची वर्षाची मेंबरशिप संपत आलीय. त्या निमित्ताने मी सगळं वाचून काढलं. पैसे न भरता स्वतःच्या बेटावर वाटेल तितकं हिंडता येतं. दुसऱ्याच्या बेटावर पाय ठेवायचा असेल तर मात्र वर्गणी. वाचलं आणि म्हटलं, अरे, हे तर आपल्याच घरचं वर्णन आहे. मी फुकटचं खातं. सदा चालू, म्हणून कोणाच्या लक्षातही नसतं. तू वर्गणीवाला, म्हणून तुझ्यासाठी केस विंचरायचे.

फुकटात मिळणारे गेमही ढिगाने आहेत म्हणे. त्यातलाच एखादा खेळा की दोघं. मेंबरशिप हवीच कशाला?

आणि एक विचारायचंय. परवा आई हेडफोनमध्ये म्हणत होती, "खोली झाली की मला सांग. सामान कुठे लावायचं ते मी बघते." कुठली खोली रे?

ताई


१३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दुरुस्तीला घेतलेल्या लिफ्टच्या खड्ड्यात बसून वाचलं. वर सहा मजले लोक बटणं दाबत होते आणि मी खाली हसत होतो. "दात माझे आणि हसू तुझं" हे मी आमच्या वर्कशॉपच्या फळ्यावर लिहिणार आहे.

फुकट गेमचं म्हणशील तर आम्ही सुरुवात त्यानेच केली होती. तू विसरलीस. तो बंदुकांचा होता. आईने पहिल्याच दिवशी समोर आलेल्या एका अनोळखी पोराला "बाळ, जेवलास का?" विचारलं. त्याने तिला जागच्या जागी गोळी घातली. पुन्हा उठली, तर दुसऱ्याने घातली. मध्येमध्ये ही टोपी विकत घ्या, तो झगा विकत घ्या. शेवटी ती म्हणाली, "बारक्या, इथे लाइन कोणाचीही कोणालाही लागते. मला नाही जमणार." तेव्हा कुठे आपण वर्गणी भरली. फुकटात वाटेल त्याच्याशी खेळायला मिळतं, ताई. अमुक एकाच माणसाच्या दारात जायचं असेल तर पैसे पडतात.

मग फोनवर का बोलत नाही, असं तू विचारशील. करून बघ एकदा. "बरी आहे. तू बरा आहेस ना? ठेवते." तीन वाक्यं. लाइन अडवून ठेवायची नाही, हे तिच्या हाडात मुरलंय. बेटावर तसं नाही. "वर्षाचे एकदाच भरलेत, आता अडली लाइन तर अडू दे," म्हणते आणि गळ टाकून निवांत बसते. हाताला मासा आणि कानाला हेडफोन असला की ती बोलते. समोर बसलेल्या माणसाशी तिला कधी बोलता आलं का? आपण लहान असताना नाही का, तिच्याशी काही बोलायचं असलं की आपण आतल्या खोलीत जायचो आणि वाटीचा फोन करून "हॅलो, एक्स्चेंज?" म्हणायचो. तेव्हाच उत्तर मिळायचं.

खोलीचं मात्र मला सांगायची मनाई आहे. आईलाच विचार.

मेंबरशिप तेवढी वेळेवर भर. मेल तुझ्याकडे येतो, नाहीतर मीच भरली असती. आणि एवढी जळू नकोस. तुला ती सकाळपासून रात्रीपर्यंत मिळते. मला एक बुटकी बाहुली मिळते, तीही निम्मा वेळ पाण्याकडे तोंड करून उभी.

तुझा,
बारक्या


२ मार्च

बारक्या,

मेंबरशिपचं काही होत नाहीये. कंपनीकडेच गडबड आहे म्हणतात, नवीन घेणं सध्या बंद ठेवलंय. कधी सुरू होईल सांगता येत नाही.

आई बरी आहे. तिच्या बेटावर तिची ती खेळते. तुझी आठवण काढली, असं काही नाही. सहा वाजता हल्ली माझ्या कामाच्या खोलीत येऊन बसते, आम्ही गप्पा मारतो.

मला कामं पडलीत, म्हणून थोडक्यात.

ताई


१० मार्च

ताई,

आईला चार वेळा फोन केला. चारही वेळा तीनच वाक्यं, आणि एकदा तर दोनच. मी विचारलं, "खेळतेस का?" तर म्हणाली, "इकडे लाइन नाही." कुठली लाइन, कशाची लाइन, काही नाही. ठेवला.

मी कंपनीला फोन लावला. तिथला पोरगा म्हणतो, काहीही बंद नाही, सगळं सुरळीत चालू आहे. तुला कोणीतरी चुकीचं सांगितलेलं दिसतंय, किंवा तुझं कार्ड अडत असेल. त्यात डोकं घालू नकोस. सोबत एक वर्षाचं कूपन पाठवलंय. पाठीमागचा करडा पट्टा नाण्याने खरवड, खाली अक्षरं आहेत, ती आईच्या नावाच्या खात्यात जाऊन टाक. लक्षात ठेव, हे एकाच नावावर चालतं.

मला भीती वेगळीच वाटतेय. ती माझ्यावर रुसली तर नाही ना? तुझ्यापासून काय लपवायचं. मी इथे तळमजल्यावरचं घर घेतलंय, पायऱ्या नाहीत, समोर बाग आहे. कधीपासून मनात आहे की तिला म्हणावं, ये माझ्याकडे राहायला. गळ टाकून बसलो की शब्द ओठावर येतो आणि मग मासा लागतो. विचारलेलं नाही. पण तिला वास लागला असेल. आयुष्यभर लोकांचं बोलणं ऐकलेली बाई, तिला न बोललेलंही ऐकू येत असणार.

तिला यायचं नसेल म्हणून ती गप्प आहे का? एवढं जरा काढून घे तिच्याकडून. तू रोज गप्पा मारतेस ना.

तुझा,
बारक्या


२१ मार्च

बारक्या,

वा. पोटात एक, ओठात एक. "मनात आहे" म्हणे. "विचारलेलं नाही" म्हणे. आता माझं ऐक, आणि बसून ऐक.

कंपनीची कसलीही गडबड नव्हती. मेंबरशिप मीच जाऊ दिली. मेल आला, मी पुसून टाकला. आईला सांगितलं की ते बंद झालं. तिने विचारलं, "त्याच्याकडचं की आपल्याकडचं?" मी म्हटलं, "सगळ्यांचंच." तिने मान हलवली आणि हेडफोनची वायर गुंडाळून खणात ठेवली. मला वाटलं होतं, आता ते सहा ते सात माझे. ती येऊन बसते हे मी खोटं लिहिलं नव्हतं, बसते. गप्पांचं खोटं होतं. ती स्टुलावर बसते, मी प्लास्टर कालवते. मी काही विचारलं की ती म्हणते, "झालं", "नको", "राहू दे".

तुझं कूपन आलं ते मी खरवडलं. पण आईच्या नावात नाही टाकलं. डबा जोडताना तू माझंही एक नाव करून ठेवलं होतंस ना, त्यात टाकलं. दुपारी आई झोपली तेव्हा टीव्हीचा आवाज बंद केला आणि मी स्वतः तुझ्या बेटावर आले. तू फाटक कायम उघडं ठेवतोस. तुझी ती बाहुली नव्हती, लिफ्टच्या खड्ड्यात असशील. मला नीट चालताही येत नव्हतं, दोनदा समुद्रात पडले. पण ती खोली मी शोधून काढली.

टेकडीवर, तुझ्या घराच्या शेजारी. नवीकोरी. आणि काय थाट! एक अख्खी भिंत भरून खिडकी. निळा पडदा. उंच खुर्ची, पाठीला उशी लावलेली. कोणाला लागते रे उंच खुर्ची? ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांना! लांबलचक टेबल, त्यावर दिवा. आणि टेबलाच्या मधोमध शिंपले मांडलेत. पांढरे, एकसारखे, अर्धगोलात. मधले चपटे, मग दोन्हीकडे एकेक टोकदार, मागचे जाडजूड. ही असली नीटनेटकी रांग आईशिवाय कोणाच्या हातची असणार? म्हणजे खोली बांधून झाली, सामान लागलं, शिंपलेसुद्धा मांडून झाले. आणि मी इथे खुळ्यासारखी तिच्या गरम पाण्याची पिशवी भरतेय. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हेच.

तिला न्यायचं तर ने, बाबा. पण समोरून येऊन मागायची हिंमत दाखवायचीस. तासातासाने, मासा दाखवून माझी आई माझ्या घरातून गळाला लावून नेलीस. मला जळते म्हणतोस? हो, जळतेय. मला तुझा इतका राग आलाय की परवा एका गिऱ्हाइकाची वरची कवळी खालच्या साच्यावर बसवत होते.

पुढे काय करायचं ते मला माहीत नाही. तू तरी सांग.

ताई


३० मार्च

ताई,

ते शिंपले नाहीत. ते दात आहेत.

पुन्हा वाच तू स्वतः काय लिहिलंयस ते. मधले चपटे, मग टोकदार, मागचे जाड. जन्म गेला तुझा त्यात. तू रोज सकाळी तेच करतेस आणि तुला ओळखू आलं नाही! काखेत कळसा म्हणतात तो हाच. आईने ते शिंपले निवडायला किती दिवस घातले, तुला कल्पना नाही. सुळे मिळेनात. मी माझ्या बेटाच्या मागच्या बाजूला जाऊन दोन शोधून आणले. तिला पसंत पडले नाहीत. "हिच्या हातचे असे नसतात," म्हणाली.

ती तुझी खोली आहे, ताई.

खिडकी भिंतभर का? कारण तू जिन्याखालच्या खोलीत काम करतेस, तिला खिडकीच नाही. खुर्ची उंच आणि पाठीला उशी का? दिवसभर वाकून तुझी पाठ धरते. तू रोज दार लावून कण्हतेस आणि तुला वाटतं कोणाला ऐकू जात नाही. आईचे कान तुला माहीत आहेत. निळ्या पडद्याबद्दल मी वाद घातला होता, मला हिरवा हवा होता. गप्प बसवलं मला.

मी तिला विचारलं होतं, तुझंच बेट एवढं मोठं आहे, तिथे बांध ना तिची खोली. माझी टेकडी कशाला? तर काय म्हणाली, माहीत आहे? "तिला माझ्यापासून सुट्टी हवी, बारक्या. माझ्याच आवारात खोली दिली तर सुट्टी कसली?"

दारावर पाटी लावायची राहिली होती. तुझं नाव घालून. पाटी तयार होती. ज्या आठवड्यात ती लावून तुला दाखवायचं ठरलं होतं, त्याच आठवड्यात तिची मेंबरशिप गेली.

आता माझं ऐक, कारण जळायचा मक्ता काही तू एकटीने घेतलेला नाही. बेट माझं. झाडं तोडली मी, लाकडं वाहिली मी. आणि त्या सबंध तासात बोलणं कशाचं? तुझं. ताईने आज एका आजोबांना दात लावले, ते आरशात बघून रडले. ताईला हा रंग आवडेल का? ताईची खुर्ची जरा उजवीकडे घे. सबंध हिवाळाभर तिने मला एकदा विचारलं नाही की बारक्या, तुझ्या घरात तुला काय हवंय? तू भिंतीपलीकडून तिचं हसू ऐकायचीस आणि तुला वाटायचं, बारक्यापाशी हसतेय. हसत होती ती तुझ्या गोष्टी सांगताना.

राहायला ये म्हणायची हिंमत का झाली नाही, ते आता तुला कळलं असेल. ती नाही म्हणाली असती, आणि कारण मला माहीत होतं.

मी रागावलोय तुझ्यावर. किती ते अजून मोजलेलं नाही. पण आधी आईला सांग. मी सांगणार नाही.

बारक्या


१२ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र वाचलं आणि दार लावून रडले. तेही ऐकू गेलं असणार.

चार दिवस धीर झाला नाही. मग एकदा सहा वाजता ती स्टुलावर येऊन बसली तेव्हा मशीन बंद केलं आणि सगळं सांगितलं. मेल पुसला ते, कूपन ते, दुपारची चोरी ते. ती मेणाचा तुकडा बोटांत मळत होती. म्हणाली, "मला माहीत होतं."

मी म्हटलं, "काय माहीत होतं?"

"डबा लावला की तुझ्या नावापुढे लिहून येतं. काल दुपारी आली होती, परवा दुपारी आली होती. ज्याची वर्गणी असते त्याचंच येतं ना?"

"मग बोलली का नाहीस?"

"लाइन लावून दिली की ऑपरेटरने मध्ये तोंड घालायचं नसतं. म्हटलं, बहीण-भाऊ बोलत असतील."

मी पाय धरायचंच बाकी ठेवलं होतं. म्हटलं, "आई, मला तुझा तो तास हवा होता. तू माझ्याशी हसतच नाहीस." तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी एखादी ऑपरेटर चुकीचा नंबर लागलेल्या माणसाकडे बघेल. म्हणाली, "त्याच्याकडे जायला वर्गणी लागते. माझ्या शेजारी बसायला काय लागत होतं तुला?"

मग उठली, डब्याखालच्या खणातून दुसरा कंट्रोलर काढला. प्लास्टिकच्या पिशवीत, सील न तोडलेला, तू पाठवलास तसाच. एका घरात दोघींना खेळायला मेंबरशिप लागत नाही, हे मी पहिल्या दिवशी वाचलं होतं, बारक्या. वाचलं आणि पुढे गेले. फुकटातलं काही नीट वाचतं का कोणी?

बसलो. तिच्याच बेटावर, पलंगाच्या कडेला. तुला वाटेल, आता माझ्याशीही पोटभर बोलली असेल. नाही बोलली. तासाभरात चार शब्द. "डावीकडे", "ओढ", "सोडू नको". पण मासा लागला की ती पूर्ण माझ्या अंगावर रेलते, आणि तिचा कोपर माझ्या बरगडीत बसतो. दुखतं. मी सरकले नाही.

आता तुझं. तू तिला विचार. समोरासमोर विचार, गळ बाजूला ठेवून. तळमजला, पायऱ्या नाहीत, बाग, सगळं सांग. ती नाही म्हणाली तर म्हण, ताईला सुट्टी हवी आहे. तिचेच शब्द तिला ऐकव. मी मधे येणार नाही. खूप जळेन, ते मात्र जळेन, त्याबद्दल तू काही म्हणायचं नाही. तिची कवळी साध्या पाण्यातच ठेवायची असते, नळाखाली धरून ब्रश मारायचा नाही, निसटली तर फुटते. गुडघ्यांना शेक संध्याकाळी. आणि ती "राहू दे" म्हणाली की राहू द्यायचं नसतं.

तुझे भावोजी म्हणतात, तू खरंच पाठवणार तिला? मी म्हटलं, बघू. मग कामाच्या खोलीत जाऊन नुसतीच बसले.

ताई


५ जून

ताई,

आई इथे मजेत आहे. बाग आवडली. शेजारच्या बाईंशी ओळख केली नाही, पण त्यांच्या घरात काय चाललंय ते सगळं तिला माहीत आहे.

मी आता कुटुंबाची मेंबरशिप घेतलीय, त्यात तुम्हा दोघींची नावं घातली. ही चूक झाली की काय, असं वाटायला लागलंय. कारण ऐक.

रोज सहा वाजायच्या आत आई केस विंचरते. मी कामावरून धापा टाकत घरी येतो, तिच्यासाठी. ती हेडफोन लावते, पाठ ताठ करते, म्हणते, "हॅलो, बोला." आणि पुढचा तासभर ती तुझ्या खोलीत. माझ्या टेकडीवर, पण तुझ्या खोलीत! निळ्या पडद्याखाली तुम्ही दोघी. मी शेक द्यायला पाणी तापवतो, पाणी थंड होतं. काल तू काय सांगितलंस की ती इतकी हसली? कवळी निसटता निसटता राहिली. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "राहू दे."

तिने एक्स्चेंजमधल्या त्या मैत्रिणीची गोष्ट तुला सांगितली ना? पळून गेलेल्या? मला नाही सांगितली कधी. मी स्वयंपाकघरात उभा राहून अर्धीच ऐकली. तुझ्या बाजूचं काही ऐकू येत नाही.

एवढी वर्षं मला वाटायचं, ती तुझ्याकडे आहे म्हणजे सगळं तुझंच. आता ती माझ्या सोफ्यावर आहे, हाताच्या अंतरावर, आणि मी आहे लिफ्टबाहेर उभा. हसू नकोस. मला झोंबतंय. तू कसं सहन केलंस इतके दिवस?

पाटी लावलीय दाराला. तू बघितली असशीलच.

तुझा,
बारक्या


१४ जून

बारक्या,

मी कुठे सहन केलं? मेल पुसून टाकला. तू तसं करू नकोस.

पाटी बघितली. रोज आत जाण्याआधी क्षणभर तिच्यापुढे उभी राहते. आई विचारते, "लाइन गेली का?"

मैत्रिणीची गोष्ट मी तुला सांगणार नाही. तासभर मला मिळतो तो माझा. इथे घर इतकं शांत झालंय की मशीन चालू असताना मी अजूनही मधेच बंद करून कान देते. तिचा हात धरून तिला बाथरूमपर्यंत कोण नेतं, याचा मी दिवसभर विचार करते. ते तूच नेतोस, म्हणजे त्याबद्दलही जळायचं आहेच.

तुझ्याही डब्यात दुसरा कंट्रोलर असेल, पिशवीतला. काढ. आमचं सातला संपलं की तिला म्हण, अजून एक मासा. आणि अगदी चिकटून बस, अंतर ठेवून नाही. बोलेल अशी आशा धरू नकोस, ती बोलणार नाही. पण मासा लागला की तिचा कोपर तुझ्या बरगडीत बसेल. त्याला वर्गणी नाही.

ताई